मदत हवी आहे: भावाचा गांजा आणि विसरभोळेपणा

धाकटा भाऊ २१ वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगला. अकरावीपासून गांजा ओढतोय, आता जवळपास रोज. अभ्यासाचं सोडा, तो कुठला मुलगा मन लावून करतो! मला खटकलं ते तबल्यावर. जुने कायदे, पलटे (तबल्यातल्या ठरलेल्या रचना) सगळे हातात आहेत, पण गुरुजींनी गेल्या आठवड्यात दिलेला रेला, म्हणजे जलद बोलांची रचना, दुसऱ्या ओळीलाच अडतो. वहीत बोल लिहिलेत त्याच्याच अक्षरात, आणि म्हणतो, "हे कधी दिलं?"

विषय काढला की "ताई, झाडपाला आहे गं, दारूपेक्षा बरं." आईबाबांना माहीत नाही. हे गांजामुळेच असेल का? सोडल्यावर भरून येतं का? आणि डॉक्टरकडे नेलं तर पोलिसांचं लचांड मागे लागणार नाही ना?

कोल्हापूरकर:
मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, पण न तपासता निदान करणार नाही. तुम्ही सांगताय ते चित्र मात्र ओळखीचं आहे. गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, मेंदूतल्या सीबी१ रिसेप्टरांना (पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या जागांना) चिकटतं. हिप्पोकॅम्पस, म्हणजे नवीन गोष्ट नोंदवणारा भाग, तिथे हे रिसेप्टर खच्चून भरलेत. म्हणून नवं टिकत नाही, घोटून पक्कं झालेलं सहसा शाबूत राहतं.

भरून येण्याबद्दल आशा आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत १६ ते २५ वयाच्या मुलांचा अभ्यास झाला. ज्यांनी महिनाभर गांजा बंद ठेवला त्यांची नवीन शिकण्याची क्षमता सुधारली, तीही बरीचशी पहिल्याच आठवड्यात. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरातल्या दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासाच्या २०१२ च्या निष्कर्षांनी मात्र घाबरवलं होतं: किशोरवयात सुरू करून वर्षानुवर्षं व्यसनात राहिलेल्यांचा बुद्ध्यांक ३८ व्या वर्षापर्यंत ८ अंकांपर्यंत घसरलेला. पुढे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत तो दोष गांजाच्या माथी मारता आला नाही. वाद मिटलेला नाही, पण कोवळ्या वयात सुरुवात वाईट, यावर फारसं दुमत नाही.

झोप, नैराश्य, दारू हेही तपासून घ्या. कानात आवाज येणं किंवा विनाकारण संशय असेल तर थांबू नका, लगेच दाखवा. उपचाराला आलेल्याची माहिती डॉक्टर गुप्त ठेवतात, तसा कायदाच आहे. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, आधी तुम्हीच बोलून बघा.

चहाबाज:
मी सोडलाय म्हणून सांगतो, मेंदूवर भाषण दिलंत तर तो दार लावून घेईल. रेल्याचंच बोला. "महिनाभर बंद ठेव, बघू बसतो का" एवढंच.

ताई (धागाकर्ती):
हे जमेल. त्याच्या गुरुजींना सांगू का?

चहाबाज:
त्याला विचारल्याशिवाय नको.

कोल्हापूरकर:
सहमत. आणि पहिला आठवडा चिडचिड होईल, झोप उडेल, विचित्र स्वप्नं पडतील. ते ओसरतं. घरात कुणाची झोपेची गोळी पडली असेल तर ती मात्र देऊ नका.