मदत हवी आहे: टी-५ इजेनंतर व्हीलचेअर बास्केटबॉल कितपत सुरक्षित?

खेळाडूला मज्जारज्जूची इजा, रिपोर्टमध्ये ‘डी-५, कम्प्लीट’ (छातीच्या भागातली पाचवी पातळी; तिच्याखाली हालचाल आणि संवेदना नाही). वय २६, अपघाताला १४ महिने. शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली आहे. लघवी दर ४ तासांनी कॅथेटरने (नळीने) काढतो. बसलेला रक्तदाब १००/६०. सराव नागपुरात, दुपारी ४ वाजता, उघड्या कोर्टवर. कशाची काळजी घ्यावी?

प्रतिसाद १
डी-५ म्हणजेच टी-५. टी-६ किंवा त्याच्या वरच्या इजेत पहिली भीती ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सियाची. इजेखाली काही तुंबलं, बोचलं, आवळलं तर खेळाडूला जाणवत नाही, पण रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब झपाट्याने चढतो. त्याच्या रक्तदाबाचा वरचा आकडा एरवी १०० असतो, म्हणून १३० हासुद्धा धोकाच. मशीन बघून ‘नॉर्मल आहे की’ म्हणू नका.

चेहरा लाल, इजेच्या वरच्या भागात घाम, म्हणून सगळ्यांना वाटतं दमलाय. पण डोकं ठणकत असेल, भर उन्हात हातावर काटा आला असेल, नाडी मंद असेल, तर खेळ तिथेच थांबवा. खुर्चीतच ताठ बसवा, पाय खाली सोडा. आडवं अजिबात करू नका, दाब आणखी चढतो. पट्टे, बूट, कपडे सैल करा. लगेच कॅथेटर घालून मूत्राशय रिकामं करा. दर २ ते ५ मिनिटांनी रक्तदाब मोजा. कारण सापडलं नाही किंवा दाब उतरला नाही तर १०८ ला फोन. ‘टी-५, डिसरिफ्लेक्सिया, नेहमीचा दाब १००/६०’ असं कार्ड खुर्चीच्या खिशात ठेवाच.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. नागपूरच्या उन्हात दुपारी ४ ची वेळ मात्र बदलाच, सकाळी ६ ला खेळा. इजेखाली घाम येत नाही, त्यामुळे नुसतं पाणी पिऊन अंग थंड होत नाही. स्प्रेच्या बाटलीने चेहरा, मान, हात, मांड्या सतत ओल्या ठेवा. लघवीच्या धास्तीने पाणी तोडू नका, कॅथेटर लवकर घाला. एका वेळी ५०० मिलीच्या वर निघत असेल तर अंतर जास्त होतंय.

खुर्चीतली गादी रोजचीच चांगली हवी, खेळासाठी पातळ फोम नको. घरी आल्यावर आरशात नितंब, माकडहाड, टाचा बघा. अर्ध्या तासात लाली गेली नाही तर ती जाईपर्यंत त्या जागेवर भार नको. पावलं पट्ट्याने बांधा. पायांची हाडं ठिसूळ झालेली असतात, पाऊल फूटरेस्टवरून सुटून चाकाखाली गेलं तर हाड मोडतं आणि दुखतही नाही. पडल्यावर पाय सुजला, गरम लागला, स्पॅझम (स्नायूंचे आपोआप येणारे झटके) वाढले, तर मालिश न करता आधी एक्स-रे काढा. एक्स-रेत काही नसेल तर रक्ताच्या गुठळीसाठी डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी).