मदत हवी आहे : वाघोबावरची फिल्म संग्रहालयात दाखवताना

नमस्कार मंडळी. आमच्या छोट्या संग्रहालयात वाघबारशीच्या, म्हणजे अश्विन वद्य द्वादशीच्या आठवड्यात वारली समाजाच्या वाघोबावरची, म्हणजे वाघ-बिबट्याच्या रूपातल्या देवावरची, अर्ध्या तासाची फिल्म दाखवतोय. दोन ठिकाणी अडलोय.

एक, फिल्ममधली भगतांची गाणी वारलीत आहेत. प्रमाण मराठीत सबटायटल केली की सगळा जीव जातो. 'हिरवा देव' या वारली दैवताचं आम्ही 'वनदेवता' केलं होतं, वाचून माझं मलाच ओशाळं वाटलं. डहाणू-जव्हारकडचं कोणी तपासून देईल का? मानधन देऊ.

दुसरं जास्त नाजूक. समितीतल्या एकांना स्टेजवर वाघोबाची पाटी हवी आहे: वाघ, चंद्र, सूर्य कोरलेली, शेंदूर लावलेली. शोभेसाठी! वाघोबाचं ठाणं रानात नाहीतर वेशीवर असतं. बिबट्याचा वावर असलेल्या भागात लोक तिथे नवस बोलतात, कोंबडं देतात. ते हॉलमध्ये, एसीखाली मांडायचं? मला पटत नाही, पण निर्णय मी बिगर-आदिवासीने का घ्यावा?

इथल्या वारली, कोकणा, महादेव कोळी मित्रांनो, तुम्हाला काय वाटतं? पाटीऐवजी ठाण्याचा फोटो चालेल का, की तोही नको? स्पष्ट सांगा, राग येणार नाही.