प्रतिसाद: नावं पाठ झाली म्हणजे ओळख झाली असं नाही

वर एका ताईंनी लिहिलंय की ऑनलाइन बालवाडीत रोज हजेरीत सगळ्यांची नावं मोठ्याने घेतली की मुलांची आपोआप ओळख होते. नावं पाठ होतात हे खरं, पण मैत्री नाही होत असा माझा अनुभव. २०२० मध्ये माझी मुलगी चार वर्षांची होती, आम्ही गोव्यात फोंड्याला, वर्ग ऑनलाइन, तिला वर्गातल्या सगळ्यांची नावं येत होती आणि तरी विचारलं तर म्हणायची माझी फ्रेंड फक्त टीचर!

बदल झाला तो गणेश चवथीच्या दिवसांत. टीचरनी सांगितलं, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधतात ना, त्यातलं एकेक फळ आणून दाखवा, ज्यांच्या घरी गणपती नाही त्यांनी परसातलं काहीही आणा. एका मुलाने आंबाडा कॅमेऱ्याला इतका चिकटवला की स्क्रीनभर नुसतं हिरवं, आणि माझी पोरगी ओरडली, आमच्याकडे पण आहे!! मग टीचरनी त्या दोघांनाच दहा मिनिटं वेगळ्या कॉलवर बसवलं, आईबाबा शेजारी पण गप्प, आणि दोघं आंबाडा चावून आंबट तोंडं करत बसली. तेव्हापासून ती त्याला नावाने हाक मारायला लागली. तेव्हा केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रज्ञाता सूचनांमध्येही बालवाडीसाठी दिवसाला अर्ध्या तासाच्या वर नको असंच होतं, आणि तेवढ्यात वीस जणांची ओळख कशी होणार, दोघा-दोघांचीच करून द्या आणि दर आठवड्याला जोडी बदला.