शब्दचर्चा: ‘एकच’ की ‘समतुल्य’?

प्रश्न: तीन मितींतल्या गुरुत्वाकर्षणावर मराठीत लिहितोय. ‘हे गुरुत्व आणि चर्न-सायमन्स गेज सिद्धांत एकच आहेत’ या वाक्यात ‘एकच’ चालेल का? (गेज सिद्धांत म्हणजे वर्णनाची पद्धत जागोजागी बदलली तरी निष्कर्ष तेच राहतात असा सिद्धांत; चर्न-सायमन्स हा त्यातलाच एक.) आणि ‘गेज’ला ‘मापी’ म्हणू का?

– ‘गेज’ला हात लावू नका, ब्रॉडगेज-मीटरगेजमुळे तो घरचाच झालाय. गणितज्ञ हेर्मान वाइल यांनी घेतलेला जर्मन शब्द वजनमापं तपासून प्रमाणित करण्याच्या व्यवहारातला. १९१८ मध्ये त्यांना खरंच लांबीचं माप जागोजागी बदलायची मुभा हवी होती. १९२९ मध्ये त्यांनीच ती मुभा तरंगाच्या कलेला (फेज, म्हणजे तरंग आवर्तनात कुठे आहे ते) दिली. मापाशी नातं तिथेच सुटलं. ‘मापी’ लिहिलंत तर वाचक उगाच फूटपट्टी शोधत बसेल.

– ‘एकच’ मात्र नको. अचुकारो आणि टाउनसेंड यांनी १९८६ मध्ये, मग विटन यांनी १९८८ मध्ये दाखवलं ते असं: अंतरं ठरवणारं ड्रायबाइन (प्रत्येक बिंदूपाशी तीन दिशांची चौकट) आणि ती चौकट बिंदूगणिक कशी फिरते ते सांगणारं स्पिन कनेक्शन हे एकाच गेज क्षेत्राचे घटक मानले, की आइन्स्टाइनची क्रिया (ॲक्शन, जिच्यातून समीकरणं निघतात ती राशी) चर्न-सायमन्सच्या रूपात येते. विश्वस्थिरांक (रिकाम्या अवकाशाची स्वतःची ऊर्जा) शून्य असेल तर गेज सिद्धांताचा सममिती-गट प्वांकारेचा, ऋण असेल तर एसएल(२, आर) या सारण्यांच्या गटाच्या दोन प्रती. हे जमतं, कारण तीन मितींत गुरुत्वलहरीच नाहीत. विश्वस्थिरांक शून्य असताना वस्तुमानाचा कण ठेवलात तरी भोवतीचं अवकाश सपाटच राहतं, कागदाची पाचर कापून कडा चिकटवाव्यात तसं.

आता ड्रायबाइन सगळीकडे शून्य धरा. गेज सिद्धांत हे उत्तर बिनतक्रार स्वीकारतो. गुरुत्वात त्याचा अर्थ सगळी अंतरं शून्य, म्हणजे भूमितीच गायब! पुंज (क्वांटम) पातळीवर दोन्ही सिद्धांत खरोखर जुळतात का, ही शंका खुद्द विटन यांनी २००७ मध्ये मांडली.

– म्हणजे नुसतं ‘समतुल्य’ही सैलच?

– हो. ‘अभिजात पातळीवर, ड्रायबाइनची व्यस्त सारणी असेल तोवर समतुल्य’ असं लिहा. शून्य ड्रायबाइनला व्यस्त सारणी नसते, म्हणून ती अट. लांबलचक होतं, होऊ द्या. (‘अभिजात’ म्हणजे इथे पुंज परिणाम सोडून; ते वाचून कुणी भाषेच्या दर्जाचा विषय काढेल, त्याची तयारी ठेवा.)

– दोन मितींनाही हेच वाक्य लावू?

– नको, तिथे चर्न-सायमन्स येत नाही. तिथलं जॅकिव-टाइटेलबॉइम गुरुत्व बीएफ सिद्धांत (बी हे क्षेत्र, एफ ही गेज क्षेत्राची वक्रता) म्हणून मांडतात.

– शेवटचं. शीर्षकात ‘निम्न मिती’ की ‘कमी मिती’?

– ‘कमी’. ‘निम्न’ला मराठीत मध्यमवर्गच शोभतो.