बी-२ वर आलेल्याला इथूनच कामाची परवानगी मिळते का?

प्रेषक : नवीन सभासद

नमस्कार मंडळी,

मेहुणा ११ ऑगस्टला बी-२ वर (पर्यटक व्हिसावर) अमेरिकेत आला. पासपोर्टातला व्हिसा २०३२ पर्यंतचा आहे, आय-९४ (प्रवेशाची नोंद) वर मात्र १० फेब्रुवारी २०२६ आहे. एका सॉफ्टवेअर कंपनीची ऑफर आहे. ते म्हणतात, "एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आम्ही करू, तोवर ट्रेनिंगला येत जा." इथे राहूनच वर्क परमिट काढता येतं का? आणि तोवरचं ट्रेनिंग चालतं का?

------

प्रेषक : माजी चिटणीस

आधी शब्द नीट लावू, अर्धा घोळ तिथेच होतो. २०३२ ही तारीख दारावर येऊन बेल वाजवण्याची. घरात किती दिवस राहायचं ते आय-९४ सांगतो. म्हणून १० फेब्रुवारी ही एकच तारीख धरून चाला. काम करता येतं की नाही, ही आणखी तिसरी गोष्ट.

"वर्क परमिट" म्हणून सुटा अर्ज करावा असं अमेरिकेत काही नाही. ईएडी म्हणजे कामाच्या परवानगीच्या कार्डासाठी आय-७६५ फॉर्म भरतात, पण त्यात पात्रतेचा वर्ग लिहावा लागतो आणि बी-२ ला तसा वर्गच नाही. मग फी जाते आणि नकार येतो. म्हणजे आधी स्टेटस बदलायचं, काम त्याच्या मागून येतं.

आता एच-१बी. कंपनी खोटं बोलत नसेल, पण कॅलेंडर जुळत नाही. कोट्यातल्या (६५,००० आणि इथल्या मास्टर्सवाल्यांसाठी आणखी २०,०००) जागांची नोंदणी मार्चमध्ये होते. लॉटरीत नंबर लागला तर याचिका लवकरात लवकर १ एप्रिलला भरता येते आणि काम १ ऑक्टोबरपासून. आय-९४ फेब्रुवारीत संपतो. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांना मधल्या काळासाठी कॅप-गॅपची सवलत आहे, बी-२ ला नाही. बी-२ वाढवून ऑक्टोबर गाठू म्हणाल, तर मुदतवाढीच्या आय-५३९ वर कारण काय लिहिणार? "नोकरीची वाट बघतोय" हे पर्यटकाचं कारण नव्हे.

परत जाऊन कॉन्सुलेटमधून यायचं ठरवलं तर दुसरी भिंत. २१ सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरच्या उमेदवारासाठी भरलेल्या नव्या एच-१बी याचिकेवर एक लाख डॉलर लागू झाले आहेत. आत राहून मंजूर झालेल्या स्टेटस-बदलाला ते लागत नाहीत. पण बदल मागितला आणि स्टेटस वैध नसल्यामुळे तो नाकारला गेला, तर लागतात. घोषणा मुळात १२ महिन्यांची आहे, म्हणून भरायच्या दिवशी ती पुन्हा तपासा.

मेहुण्यांना पहिला प्रश्न हा विचारा : पूर्वी कधी एच-१बी वर होते का? एच-१बी ला मिळणाऱ्या सहा वर्षांतली काही वर्षं शिल्लक असतील तर बहुतेक वेळा लॉटरीची गरज नसते, याचिका वर्षात कधीही जाते. तेच विद्यापीठं, त्यांना जोडलेल्या ना-नफा संस्था आणि संशोधन संस्था यांचं, त्या कोट्याबाहेर आहेत. अशा वाटेने फेब्रुवारीच्या आत जमू शकतं. लेबर खात्याकडे भरायच्या एलसीएला (पगार आणि कामाच्या अटींचा अर्ज) सात कामाचे दिवस. कंपनीने पूर्वी कधीच एलसीए भरलेला नसेल तर तिच्या फेडरल टॅक्स नंबरची पडताळणी आधी होते, त्याचे काही दिवस वेगळे. मग आय-१२९ म्हणजे खुद्द याचिका, आणि जादा फीची प्रीमियम सेवा घेतली तर १५ कामाचे दिवस. याचिका पोचते त्या दिवशी आय-९४ चालू हवा. सुरुवातीची तारीखही त्याच्या आतलीच मागा.

ट्रेनिंगचं उत्तर : नाही. मुलाखती द्या, ऑफर स्वीकारा, त्याला हरकत नाही. लॅपटॉप हातात आला की ते काम.

------

प्रेषक : नवीन सभासद

काका, सविस्तर उत्तराबद्दल आभार. पूर्वी एच-१बी नव्हता. ट्रेनिंग बिनपगारी असेल तरीही नाही?

------

प्रेषक : माजी चिटणीस

तरीही नाही. एरवी ज्या कामाला पगार दिला असता ते फुकट केलं तरी ते कामच ठरतं. शिवाय रुजू होताना आय-९ (कामाचा हक्क पडताळण्याचा फॉर्म) भरावा लागतो, कर्मचाऱ्याचा भाग पहिल्याच दिवशी आणि मालकाचा तीन कामाच्या दिवसांत. बी-२ वाल्याला त्यावर खरी खूण करता येईल असा चौकोनच नाही. घाईत कुणी "नागरिक" वर टिक करतं, आणि त्या खोट्या दाव्याचा डाग जवळजवळ कधीच पुसला जात नाही. जी कंपनी "आय-९ नंतर बघू" म्हणते तिच्यापासून लांब राहा.

आणखी एक. कुठला तरी कन्सल्टंट "असाइलम (आश्रयाचा अर्ज) टाकू, ईएडी येईल" असं सुचवेल. रचलेला अर्ज म्हणून तो ठरला तर इमिग्रेशनचे सगळे मार्ग कायमचे बंद होतात.

------

प्रेषक : स्वागत समितीतली ताई

विषय निघालाच आहे तर जोडीदारांचंही लिहिते, कारण बी-२ वर आलेल्या बहुतेकांची खरी वाट तीच असते.

नवरा किंवा बायको एच-१बी वर असेल तर आय-५३९ भरून बी-२ चा एच-४ (जोडीदाराचं स्टेटस) होतो. लग्नाचा दाखला, जोडीदाराचा आय-७९७ (मंजुरीची नोटीस), अलीकडच्या पगाराच्या स्लिपा आणि दोघांचे आय-९४ जोडायचे. दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर, आणि भाषांतर करणाऱ्याची सही असलेलं प्रमाणपत्र. हे राहिलं की आरएफई (आणखी पुराव्याची मागणी) येतो आणि महिने वाया जातात.

पण एच-४ म्हणजे काम नव्हे! एच-४ ची ईएडी फक्त दोन परिस्थितींत मिळते : जोडीदाराचा आय-१४० (नोकरीवरून ग्रीन कार्डासाठीची याचिका) मंजूर असेल, किंवा ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेमुळे त्याला सहा वर्षांपलीकडे मुदतवाढ मिळालेली असेल. आय-७६५ सोबत भरता येतो, मात्र आय-५३९ चा निकाल लागेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. एल-१ वाल्यांच्या (कंपनीअंतर्गत बदलीवर आलेल्यांच्या) जोडीदारांचं सोपं आहे. नोव्हेंबर २०२१ पासून कार्डाची गरज नाही, आय-९४ वर एल-२एस (एल-१ चा जोडीदार) आलं की तोच पुरावा.

शिकायचं असेल तर एफ-१. कॉलेजचा आय-२० (प्रवेशाचा दाखला), ३५० डॉलरची सेव्हिस (विद्यार्थी नोंदणी) फी, मग आय-५३९. मंजुरीआधी वर्गात बसलात तर बी-२ मोडला, मग बदलही गेला. निकाल येईपर्यंत सत्राची तारीख उलटून जाते, तेव्हा डीएसओला (कॉलेजातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याला) सांगून आय-२० पुढे ढकलून घ्या. पूर्वी वर्ग सुरू होण्याच्या ३० दिवस आधीपर्यंत बी-२ वाढवत राहावा लागायचा, ते जुलै २०२१ पासून बंद झालं. भरताना स्टेटस चालू असलं की पुरे. काम मात्र सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच.

ई-२ (गुंतवणूकदारांचा व्हिसा) विचारूच नका, भारताशी तो करार नाही.

------

प्रेषक : एक सभासद

माझा प्रश्न छोटा आहे. आई-बाबा व्हिजिटर आहेत. मंडळाच्या स्टॉलवर आईने चकल्या विकल्या तर? आणि मुलगा नागरिक असेल तर त्यांना काम करता येतं का?

------

प्रेषक : माजी चिटणीस

मंडळाच्या स्वयंपाकघरात हौसेने चकल्या पाडणं चालेल. पिशवीला आठ डॉलर लावून पैसे आईंच्या पर्समध्ये गेले, किंवा व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला ऑर्डरी घ्यायला लागल्या, तर तो धंदा. रक्कम किती यावर काही अवलंबून नाही.

मुलगा नागरिक आणि किमान २१ वर्षांचा असेल तर आई-वडील "इमिजिएट रिलेटिव्ह" होतात. त्यांचे आय-१३० (नात्याची याचिका) आणि आय-४८५ (ग्रीन कार्डाचा अर्ज) एकदम भरता येतात, सोबत आय-८६४ (मुलाची आर्थिक हमी). वैद्यकीय तपासणीचा आय-६९३ डिसेंबर २०२४ पासून आय-४८५ बरोबरच द्यावा लागतो, नसेल तर अर्ज परत येऊ शकतो. त्याच गठ्ठ्यात आय-७६५ टाकला तर ईएडी मिळते. मुलाकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल तर यातलं काहीच नाही. आणि अर्ज चालू असताना ॲडव्हान्स पॅरोल (परत येण्याची आगाऊ परवानगी) हातात नसताना लग्नाला म्हणून भारतात गेलात, तर तो सोडून दिला असं धरतात. हे फार होतं.

------

प्रेषक : स्वागत समितीतली ताई

९० दिवसांचं राहिलं. प्रवेशानंतर ९० दिवसांत व्हिसाशी विसंगत वागणूक दिसली तर परराष्ट्र खातं असं गृहीत धरतं की व्हिसा घेतानाच खोटं सांगितलं. नियम कॉन्सुलेटचा आहे, यूएससीआयएस (इथलं इमिग्रेशन खातं) त्याने बांधलेलं नाही, पण डीएस-१६० (व्हिसाचा अर्ज) वर "तीन आठवडे, पर्यटन" आणि चौथ्या आठवड्यात आय-५३९ हे अधिकाऱ्याला दिसतंच. मेहुण्यांचे ९० दिवस नोव्हेंबरमध्ये भरले. तरी अर्जासोबत एक पानी पत्र जोडा : येताना बेत काय होता, काय बदललं, कोणत्या तारखेला. ऑफरचा ईमेल पुरावा म्हणून चालतो, तारखेसकट.

------

प्रेषक : माजी चिटणीस

बरोबर. आणि समजा पुढे मंजुरी आली, तर कागद उलटून बघा. आय-७९७ए असेल तर तळाशी नवा आय-९४ जोडलेला असतो, त्यावरच्या तारखेपासून काम. आय-७९७बी असेल तर याचिका मंजूर, स्टेटस-बदल नाही. म्हणजे बाहेर जाऊन शिक्का घेऊन यायचं, तोवर एकही दिवस काम नाही. "अप्रूव्हड" एवढा शब्द वाचून सोमवारी रुजू होणारे इथेच फसतात. ए मिळालेल्यांनीही लक्षात ठेवा, पासपोर्टात अजून बी-२ च आहे. पहिल्यांदा भारतात गेलात की परत येताना एच-१बी चा शिक्का लागेल.

फेब्रुवारीच्या आत काहीच भरलं गेलं नाही तर १० तारखेच्या आत विमानात बसायचं. एक दिवस जास्त झाला तरी २०३२ चा व्हिसा रद्द. १८० दिवसांवर गेलं की बाहेर पडल्यावर तीन वर्षं बंदी, वर्षभर झालं तर दहा. वेळेत भरलेला अर्ज प्रलंबित असताना ही मोजणी थांबते, नकार आला की दुसऱ्या दिवसापासून चालू. जायच्या आधी सीबीपीच्या (सीमा तपासणी खात्याच्या) साइटवरून आय-९४ ची प्रत उतरवून ठेवा. पुढच्या वेळी कॉन्सुलेटने वेळेत परतल्याचा पुरावा मागितला तर ती प्रत आणि बोर्डिंग पास एकाच पाकिटात सापडले पाहिजेत.