प्रतिसाद: गाडी दिली, पुढे काय?

वर कुणीतरी म्हटलंय की आरोग्यसेविकांना मोटारसायकली दिल्या की प्रश्न सुटतो. ‘रायडर्स फॉर हेल्थ’ ही आफ्रिकेतल्या आरोग्यसेवकांची वाहनं चालती ठेवण्यासाठीची संस्था सुरू झाली ती नेमकी उलट अनुभवातून. मोटारसायकल शर्यतपटू रँडी ममोला आणि पत्रकार बॅरी कोलमन 1988 मध्ये सोमालियात गेले, तेव्हा दान आलेल्या, फारशा न चाललेल्या गाड्या भंगारात पडलेल्या दिसल्या. कारण अगदी क्षुल्लक: साधी देखभालच झालेली नाही.

म्हणून भर देखभालीवर. चालवणाऱ्याने रोज निघण्यापूर्वी ऑइल, चेन, ब्रेक, टायरची हवा, नटबोल्ट तपासायचे. भाग तुटण्याची वाट न बघता ठरलेल्या किलोमीटरला बदलायचा. त्यामुळे खर्च प्रतिकिलोमीटर आधीच मांडता येतो. देणगीदार हाच खर्च विसरतात, हे फार वाईट वाटतं.