राष्ट्राची ओळख परराष्ट्र धोरण ठरवते, की ठरलेल्या धोरणाला नाव पुरवते?

सिंहगड रोडकर: सदाशिव पेठेतल्या आमच्या जपानी भाषेच्या वर्गात परवा ‘जिएईताई’ हा शब्द आला. बाईंनी फळ्यावर ‘स्वसंरक्षण दल’ असा अर्थ लिहिला आणि मी ‘म्हणजे सैन्यच ना?’ असे विचारताच खडू खाली ठेवून त्या म्हणाल्या, ‘तिथे तसे म्हणत नाहीत.’ १९४७ साली लागू झालेल्या जपानच्या राज्यघटनेच्या नवव्या कलमात युद्धाचा त्याग केलेला असताना १९५४ पासून हे दल उभे आहे. मग शांततावादी ही ओळख धोरणाला खरोखर वळण देते, की तो केवळ मुलामा आहे?

कोथरूडचा वाचक: मुलामा म्हणावा, तर तो फार महागात पडलेला आहे. १९७६ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने संरक्षणखर्चाला राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १ टक्क्याची मर्यादा स्वतःहून घालून घेतली. मित्रराष्ट्रावर हल्ला झाल्यास मदतीला जाता यावे म्हणून पंतप्रधान शिंझो आबे यांच्या सरकारला २०१४ मध्ये त्या कलमाचा नवा अर्थ लावावा लागला, २०१५ मध्ये कायदे करताना संसदेबाहेर निदर्शने झेलावी लागली, आणि एवढे करूनही कलमातला एक शब्द बदलता आला नाही. लोकांची धारणा निर्णय रोखतेच असे नाही, पण सरकारला किती लांबचा वळसा घ्यावा लागेल, हे तीच ठरवते.

कॅम्पवासी: वळसा घ्यावा लागतो हे मान्य, पण प्रत्येक वेळी नाही. १८१४ नंतर युद्धात न उतरलेल्या स्वीडनने युक्रेनवरील आक्रमणानंतर तीन महिन्यांच्या आत नाटो या लष्करी आघाडीकडे सदस्यत्वासाठी अर्ज केला. भीती मोठी असली की दोनशे वर्षांची ओळखही बाजूला ठेवता येते.

निवृत्त प्राध्यापक: आपल्याकडेही दोन्ही प्रकार सापडतात. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविरुद्ध भारताने १९४६ मध्ये, म्हणजे स्वतंत्र होण्याआधीच, त्या देशाशी व्यापार तोडला. त्यात नफा शोधूनही सापडत नाही. इस्राएलला मात्र १९५० मध्ये मान्यता देऊनही पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ मध्ये जुळले. (कॅम्पातल्या लाल देवळावरून, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावरून, रोज जाणाऱ्या पुणेकरांना ज्यू समाज काही परका नव्हता.) त्या विलंबात पॅलेस्टाइनविषयीची सहानुभूती किती आणि अरब देशांच्या पाठिंब्याची गरज किती, हे वेगळे काढू पाहणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही.

सिंहगड रोडकर: आभार. सैन्यासाठी जपानीत ‘गुंताई’ हा शब्द आहे, तो आमच्या वर्गात आजवर फक्त १९४५ पूर्वीच्या धड्यात आला आहे.